विमानतळाच्या पोटात वॉकीटॉकी मुकी का होते? (भागाचा पूर्ण मजकूर)

ऐकण्याऐवजी वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा भाग मी असोद्याहून, आमच्या घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मागे कुत्री भुंकताना ऐकू आली तर सांभाळून घ्या. गच्चीवर यायचं कारण साधं आहे. आमच्या घराचा मागचा भाग अजून जुना धाब्याचा आहे, मातीच्या जाड भिंतींचा. त्या खोलीत मोबाईलला रेंज येत नाही. माझी आजी तिचा फोन खिडकीच्या गजाला पिशवीत टांगून ठेवायची. फोन वाजला की खिडकीपाशी जायचं आणि तिथंच उभं राहून बोलायचं. खिडकी सोडून दोन पावलं आत आलं की बोलणं तुटायचं. घरातल्या लहान पोरांनासुद्धा ती जागा बरोबर ठाऊक होती.

ही खिडकी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

मी बी.टेक. कॉम्प्युटरचा. रेडिओ, अँटेना, लहरी हे सगळं कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरलो. पण नोकरी अशा ठिकाणी लागली की मोठ्या इमारतींच्या आत रेडिओची रेंज पोचवायची, मोजायची आणि त्याचे नकाशे काढायचे. नकाशे काढणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. त्यात एका विमानतळाच्या मोठ्या टर्मिनलचं काम आलं. कोणतं टर्मिनल, कोणती कंपनी, ते सांगणार नाही. त्याची गरजही नाही, कारण आज जी चूक सांगणार आहे ती माझी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. विमानतळावरची रेंज म्हटलं की आपल्याला मोबाईल आठवतो. मी बोलतोय ते वॉकीटॉकीबद्दल. सीआयएसएफचा जवान, बॅगा चढवणारे लोडर, सफाईवाल्या मावशी, व्हीलचेअर ढकलणारी पोरं, लिफ्टचा मेकॅनिक, फायरचे लोक, ॲम्ब्युलन्सवाले, यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कमरेला तो काळा डबा असतो. तुम्ही विचाराल, आता सगळ्यांकडे फोन आहेत, मग हा डबा कशाला? फोनवर नंबर शोधावा लागतो, समोरच्यानं उचलावा लागतो आणि एका वेळी एकाशीच बोलता येतं. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की गटातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. मोठ्या विमानतळांवर आणि मेट्रोंमध्ये 'टेट्रा' नावाची डिजिटल पद्धत वापरतात. तिच्यात बटण दाबल्यापासून बोलणं सुरू व्हायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. आणि गर्दीमुळे मोबाईलचं नेटवर्क बसलं तरी ही यंत्रणा वेगळी असल्यामुळे चालू राहते. म्हणजे गडबड होते तेव्हा कामाला येते ती हीच.

आता टर्मिनलच्या आत अडचण काय होते?

मुंबईचं टी-टू डोळ्यांसमोर आणा. २०१४ च्या फेब्रुवारीत ते प्रवाशांसाठी सुरू झालं. चार मजले आणि साधारण ४ लाख ४० हजार चौरस मीटर जागा. एकराच्या हिशोबात सांगायचं तर शंभर एकरांच्या वर, आणि तेही एकावर एक रचलेलं. आपण प्रवासी म्हणून त्यातला वरचा, उजेडाचा भाग पाहतो. मोरपिसासारखं छत, मोठाल्या काचा, कलादालन. पण कुठल्याही टर्मिनलला पोट असतं. बॅगांचे पट्टे जिथं फिरतात ते हॉल, सामानाच्या लिफ्ट, एसीच्या मशीनच्या खोल्या, केबलचे बोगदे, आगीच्या वेळी उतरायचे बंद जिने. तिथं सिमेंट आणि लोखंडाशिवाय काही नाही.

रेडिओची लहर भिंतीतून जाते, पण प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. हा वाटा डेसिबलमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे. ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी, १० गेले की दहावा हिस्सा, ३० गेले की हजारावा हिस्सा उरतो. सळईच्या काँक्रीटचा एक जाड स्लॅब यातला मोठा तुकडा खातो. पण सगळ्यात फसवी असते ती काच. मोठ्या टर्मिनलच्या काचांवर उन्हाची धग अडवायला धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. आपल्याला आरपार दिसतं, पण रेडिओला ती काच जवळजवळ पत्र्यासारखी. एवढ्या एका काचेत २०-३० डेसिबल जाऊ शकतात. त्यामुळे बाहेर कितीही उंच टॉवर लावला तरी आतल्या तळघरापर्यंत हजाराव्याचा हजारावा हिस्साही पोचेल याची खात्री नाही.

मी पहिल्या आठवड्यात साहेबांना विचारलं होतं, "सर, टॉवरची पॉवर वाढवली तर?" ते हसले. म्हणाले, "तू ओरडलास तर त्याला ऐकू जाईल. पण त्याचं तुला कसं ऐकू येणार?"

या एका वाक्यात निम्मा विषय आला. टेट्राचा हातातला सेट साधारण १ वॉटचा असतो. टॉवरकडे त्याच्या कितीतरी पट ताकद असते. त्यामुळे टॉवरची पॉवर वाढवली तर तळघरातल्या माणसाला कंट्रोल रूमचा आवाज येतो, पण त्याचा आवाज वर जात नाही. हे तर जास्तच धोक्याचं, कारण त्याला वाटतं आपण जोडलेले आहोत. तो बोलत राहतो आणि ऐकणारं कोणी नसतं. शिवाय मनाला येईल तशी पॉवर वाढवता येत नाही. कोणती फ्रिक्वेन्सी आणि किती पॉवर वापरायची, हे केंद्र सरकारच्या परवान्यात ठरलेलं असतं. बाजारातून बूस्टर आणून भिंतीला ठोकणं बेकायदा आहे. त्यानं आजूबाजूच्यांचं नेटवर्कही बिघडतं.

मग उपाय काय? हा उपाय मला आमच्या वडिलांच्या शेतात समजला, अगदी खरं सांगतो.

आपल्याकडे केळीला पाणी कसं देतात? पूर्वी पाटानं द्यायचे. मग ठिबक आलं. विहिरीवरून मेन लाईन, तिच्यातून सबमेन, तिच्यातून लॅटरल, आणि प्रत्येक झाडापाशी ड्रिपर. एकाच जागेवरून जोरात पाणी उडवायच्या ऐवजी प्रत्येक झाडापाशी थोडं थोडं. टर्मिनलच्या आत हेच करतात. एका खोलीत रेडिओचं मुख्य मशीन. तिथून ऑप्टिकल फायबरच्या मेन लाईन वेगवेगळ्या मजल्यांवर. तिथल्या छोट्या मशीनमध्ये प्रकाशाचा परत रेडिओ होतो. तिथून तांब्याच्या जाड केबल, आणि छतात थोड्या थोड्या अंतरावर वाटीएवढ्या छोट्या अँटेना. पुढच्या वेळी मॉलमध्ये किंवा विमानतळावर गेलात तर छताकडे बघा. पांढरी, उपडी ठेवलेली वाटी दिसेल. तोच आपला ड्रिपर.

आणि लांब बोगद्यांसाठी तर हुबेहूब ठिबकची नळीच असते. केबलच्या वरच्या आवरणाला मुद्दाम बारीक फटी पाडलेल्या असतात. त्यातून लांबीभर रेडिओ पाझरत राहतो. मेट्रोच्या बोगद्यात, खाणीत हीच केबल असते. सिग्नल दोन्ही बाजूंनी जातो, म्हणजे त्याच फटींतून सेटचा आवाज आतही घेतला जातो. ठिबकच्या नळीत पाणी परत जात नाही, एवढाच फरक.

ठिबकवाल्यांना पुढची अडचणही लगेच कळेल. लॅटरल लांब झाली की शेवटच्या झाडाला पाणी कमी येतं. केबलचंही तेच. अर्धा इंची केबलमध्ये आपल्या कामाच्या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे सुमारे ४ ते ५ डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून लांबचं अंतर फायबरनं कापायचं, तिथं किलोमीटरभरात अर्धा डेसिबलही जात नाही. आणि तांब्याची केबल शेवटी थोडीच वापरायची. फांदी फुटते तिथं पहिल्या अँटेनाला कमी आणि पुढच्यांना जास्त अशी वाटणी मोजून करायची. नाहीतर पहिली अँटेना धो धो आणि शेवटची कोरडी.

जिथं बाहेरचा सिग्नल पकडून आत वाढवतात तिथं आणखी एक गंमत होते. गणपतीत माईक स्पीकरच्या समोर आला की कसा 'कुंई' करून किंचाळतो? आतल्या अँटेनाचा सिग्नल बाहेरच्या अँटेनात परत शिरला की रेडिओचंही तसंच होतं. मग एका इमारतीचं मशीन सगळ्या परिसराचा रेडिओ खराब करतं. म्हणून दोघांच्या मध्ये आड हवी. आणि ती मशीन जेवढं वाढवतं त्यापेक्षा भरपूर जास्त हवी, साधारण १५ डेसिबल तरी.

बरं, हे सगळं इंजिनिअर लोकांनी बसवलं. आता माझं काम सुरू झालं. पोचलं की नाही, हे मोजायचं.

मोजायची पद्धत अशी. एक माणूस सेट आणि टॅबलेट घेऊन सगळ्या मजल्यांवर चालतो. टॅबलेटवर मजल्याचा नकाशा, त्यावर तो आपली जागा नोंदवत जातो. सेट दर सेकंदाला सिग्नलची ताकद लिहितो. रात्री ती फाईल माझ्याकडे येते. मी ती सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, चांगल्या जागी हिरवा, मध्यम पिवळा, वाईट लाल रंग भरतो आणि खाली टक्केवारी लिहितो. अमेरिकेतले नियम सांगतात की प्रत्येक मजल्याचे २० सारखे चौकोन करून तपासा आणि ९५ टक्के जागेत रेंज हवी. आमच्याकडेही करारात ९५ टक्केच लिहिलेले होते. माझा नकाशा पंच्याण्णवच्या बराच वर गेला. छान हिरवागार नकाशा, हरभऱ्याच्या शेतासारखा. मी तो आईला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. काम पास झालं.

काही महिन्यांनी बॅगांच्या हॉलमध्ये एका हेल्पर पोराचं बोट दोन ट्रॉल्यांच्या जोडामध्ये सापडलं. त्याच्या सोबतच्यानं सेटचं बटण दाबलं. सेटनं फक्त 'टूं' असा नकाराचा आवाज काढला. त्यानं परत दाबलं, परत तेच. मग तो जिन्यानं वर धावला. जिन्यातही सेट मुका. दोन मजले चढून उघड्यावर आला तेव्हा त्याचा आवाज कंट्रोलला पोचला. पोराच्या बोटाचं वरचं पेर गेलं. मदत लवकर आली असती तर ते वाचलं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही कोणी तसं विचारलं नसावं. पण तो जिना माझ्या नकाशात हिरव्यांच्या मधोमध होता.

मला चौकशीला पाठवलं. तिथला सुपरवायझर निघाला यावलकडचा. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला नाना म्हणायचे. मी असोद्याचा म्हटल्यावर आधी भरताच्या वांग्यांची चौकशी झाली. मग मी लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या नकाशात हिरवं असीन. पन तठी सेट मुकाच ऱ्हाते. मले इचारलं असतं त पहिल्याच दिवशी सांगतलं असतं."

मी रात्रभर फाईली उघडून बसलो. आणि सापडलं.

सेटची रेंज पूर्ण गेली की त्याला ताकद मोजायलाच काही नसतं. मग तो त्या सेकंदाची जागा रिकामी सोडतो. माझ्या प्रोग्रामच्या पहिल्याच भागात एक ओळ होती. रिकाम्या नोंदी काढून टाका. डेटा साफ करायची सवय! कॉलेजपासून हीच सवय लावलेली असते. म्हणजे जिथं रेंज वाईट होती ते मी मोजलं. आणि जिथं रेंज नव्हतीच, ती जागा माझ्या हिशोबातूनच उडाली.

आकडा धरून सांगतो. समजा १००० ठिकाणी मोजलं. ९२० ठिकाणी चांगलं, २० ठिकाणी वाईट, आणि ६० ठिकाणी सेट पूर्ण मुका. खरा आकडा ९२ टक्के, म्हणजे नापास. पण ६० मुक्या जागा फेकून दिल्या की उरतात ९४०. त्यातले ९२० चांगले. झाले जवळजवळ ९८ टक्के. पास! जागा जितकी जास्त मुकी, तितका माझा निकाल चांगला. आणि वरून सॉफ्टवेअर दोन हिरव्या ठिपक्यांच्या मधली रिकामी जागा अंदाजानं हिरवी भरत होतं. जिना तसाच हिरवा झाला होता.

चूक एवढीच नव्हती. काही दारं कुलूपबंद होती म्हणून चालणारा माणूस तिथं गेलाच नव्हता. त्याही जागा रिकाम्या, त्याही गायब. आणि आम्ही फक्त खाली येणारा सिग्नल मोजला होता. सेटकडून वर जाणारा आवाज कोणी तपासलाच नव्हता.

अशा गोष्टींची मोठी किंमत जगानं मोजलेली आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्टेशनात १८ नोव्हेंबर १९८७ ला आग लागली, ३१ माणसं गेली. जमिनीखाली गेलेल्या अग्निशमनच्या लोकांचे सेट वरच्या लोकांशी बोलू शकत नव्हते, निरोप माणसं धावून पोचवत होती. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर फायरवाल्यांसाठी खास रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला उत्तरेकडच्या इमारतीत आलेल्या अधिकाऱ्यांनी तो तपासला. त्यांना तो बंद वाटला आणि त्यांनी तो चॅनल सोडून दिला. नंतरच्या चौकशीत कळलं की त्या यंत्रणेचं एक बटण दाबलं गेलं नव्हतं. म्हणजे यंत्रणा बसवणं हे एक काम, आणि ती गरजेच्या क्षणी, तिथल्या माणसाच्या हातात चालते का हे पाहणं हे दुसरं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. खरं सांगतो, रात्री तीन वाजता मनात आलं होतं की गुपचूप ती ओळ दुरुस्त करून टाकावी. कोणाला कळलंही नसतं. पण नाना रोज त्या हॉलमध्ये उभे असणार होते. साहेब चिडले, मग शांत झाले, आणि पुन्हा मोजायला सांगितलं. नवा नकाशा नापास आला.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगतो, कारण यातलं बरंच तुमच्याही कामाला येईल.

रिकामी नोंद म्हणजे नापास. फेकायची नाही, काळ्या रंगात दाखवायची. जिथं माणूस गेलाच नाही ती जागा राखाडी. हिरवा रंग फक्त प्रत्यक्ष मोजलेल्या जागेला. अंदाजानं रंग भरणं बंद.

मजल्याची सरासरी एका बाजूला, आणि जिने, पंपाची खोली, बॅगांचे हॉल, कंट्रोल रूम यांचा हिशोब वेगळा. लाउंजमधल्या भरपूर रेंजनं जिन्याची भरपाई होत नाही.

फक्त मीटर बघायचं नाही, बोलायचं. दोघांनी दोन टोकांना उभं राहून एकमेकांना आकडे वाचून दाखवायचे. समोरच्याला कळले तर पास. सेट कमरेला लावून, जाकीट घालूनही तपासायचं, कारण माणसाचं अंगही सिग्नल खातं.

दर काही महिन्यांनी परत मोजायचं. टर्मिनलमध्ये नवं दुकान येतं, पत्र्याचं पार्टिशन पडतं, कोणीतरी रंगकामात अँटेनाची केबल सोडवतो. मेन लाईट गेल्यावर बॅटरीवर यंत्रणा किती वेळ टिकते, तेही बघायचं.

आणि मोजायला सुरुवात करायच्या आधी तिथं रोज काम करणाऱ्यांना विचारायचं की सेट कुठं चालत नाही. नानांनी अर्ध्या तासात कागदावर सात जागा काढून दिल्या. आमच्या नव्या मोजणीत त्या सातही काळ्या निघाल्या. त्या जिन्यात आता वरपासून खालपर्यंत फटीवाली केबल आहे.

जाता जाता एक गोष्ट. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली. त्या सुमारास टर्मिनलच्या आतल्या मोबाईल यंत्रणेच्या जागेवरून आणि भाड्यावरून मोबाईल कंपन्यांची संघटना आणि विमानतळ यांच्यातला वाद पेपरात आला. मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनमध्ये फोन लागत नाही, याचीही बातमी झाली. व्हायलाच हवी, प्रवाशांचा तो हक्क आहे. पण बघा, प्रवाशाचा फोन लागला नाही तर तो तिथूनच तक्रार टाकतो. तळघरातल्या हेल्परचा सेट लागला नाही तर त्याची तक्रार कुठं जाते? त्याची तक्रार ज्या सेटवरून जायची, तोच तर मुका आहे.

म्हणून आता ती खिडकी. आजीचा फोन कुठं लागतो ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण आम्ही तिथं राहत होतो. टर्मिनलचंही तसंच. कोणत्या जागा मुक्या आहेत हे कोणाला तरी माहीत असतंच. फक्त त्या माणसाला विचारायला कोणी जात नाही.

तुमच्यापैकी कोणी जळगावात हॉस्पिटल बांधत असेल, भुसावळला मॉलच्या तळघरात पार्किंग काढत असेल, तर एक करा. तिथल्या वॉचमनला किंवा वॉर्डबॉयला विचारा, "दादा, तुमचा सेट कुठं चालत नाही?" आणि तो सांगेल ती जागा लिहून घ्या. आणि तुम्ही सॉफ्टवेअरवाले असाल तर आज एकदा आपला प्रोग्राम उघडा आणि रिकाम्या ओळी काढून टाकणारी ओळ शोधा. ती काय फेकतेय, ते बघा.

खालून आई हाक मारतेय, वांगी भाजून झाली वाटतं. तुमच्या ओळखीची मुकी जागा कुठं आहे ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.